हातभर अंतरावरचा आवाज

ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या कागदावर उतरवणं हे माझं पोटापाण्याचं काम. दिवसभर टेबलावर कोणाचा ना कोणाचा आवाज चालू असतो, आणि काम आवरलं की तिथेच गाणं लागतं. इतके तास हेडफोन चढवून बसणं कानांना झेपत नाही, म्हणून स्पीकर. ही गोष्ट ओळखीपाळखीत पसरल्यामुळे अधूनमधून फोन येतात, "कॉम्प्युटरला लावायला दोन-तीन हजारांत चांगलं काय मिळेल?" मॉडेलचं नाव सांगून टाकणं सोपं असतं, पण वर्षभरात ते मॉडेल बाजारातून गायब होतं. टिकून राहतात ते ठोकताळे. ते इथे क्रमाने मांडतो. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हे स्पीकर हातभर अंतरावर बसलेल्या एका माणसासाठी घ्यायचे असतात. एवढं मनाशी पक्कं केलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, याचा उलगडा होत जातो.

१. आधी अंतर बघा, मग वॉट

एक वॉट वीज दिली तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, याला स्पीकरची सेन्सिटिव्हिटी म्हणतात. कपाटाच्या फळीवर मावणाऱ्या घरगुती स्पीकरची ती साधारण ८५ डेसिबलच्या आसपास असते, अगदी चिमुकल्यांची आणखी थोडी कमी. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतात. टेबलाशी आपण ७० सेंटिमीटरवर बसतो, म्हणजे तोच एक वॉट कानापाशी ८८ डेसिबलच्या घरात पोचतो. आता दुसरी बाजू बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. रोजच्या ऐकण्याला एक वॉट पुरून उरतो. तबल्याची जोरकस थाप किंवा तानेचा चढ असे क्षण येतात, त्यांच्यासाठी दसपट ताकद राखून ठेवली तरी एका बाजूला १० वॉट झाले. टेबलावरच्या स्पीकरसाठी त्याच्या पुढचे वॉट मोजून पैसे देऊ नयेत.

२. खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा वाचायचा नाही

'पीएमपीओ'च्या हजार-हजार वॉटच्या गप्पा आता पूर्वीइतक्या दिसत नाहीत, पण स्वस्त मालाच्या खोक्यावर त्या अजून भेटतात. स्पीकर सतत किती ताकद देऊ शकतो, ते आरएमएसचा आकडा सांगतो. पीएमपीओ हा क्षणभराच्या उसळीचा आकडा, आणि तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. जत्रेत पहिलवानाने एकदा उचललेला धोंडा आणि हमालाने दिवसभर वाहिलेली पोती यांत जो फरक, तोच इथे. आपल्याला हमाल हवा आहे.

आरएमएसही फुगवून लिहिलेला असू शकतो, म्हणून मी अ‍ॅडॅप्टर उलटा करून बघतो. त्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर असं छापलं असेल तर आत जाणारी वीजच १२ वॉट. बाहेर त्यापेक्षा जास्त सतत येणार कुठून? यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरचंही तेच. जुन्या यूएसबी २.० पोर्टला ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरची मर्यादा आहे, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३.० वर ती साडेचार वॉट होते. अशा वायरीला लटकलेल्या जोडीवर '२० वॉट' लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्यायचा.

शिवाय ताकद दुप्पट केली तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दसपट ताकद लागते. त्यामुळे १० वॉटच्या जागी २० वॉट घेण्यासाठी हजार रुपये जास्त मोजले, तर कानाला मिळतो तो जेमतेम जाणवेल इतका फरक.

३. छोटं खोकं, खोल बेस आणि मोठा आवाज: तिन्ही एकदम मिळत नाहीत

जोसेफ अँटन हॉफमन हे १९५७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'केएलएच' या स्पीकर कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. कंपनीच्या नावातला शेवटचा 'एच' त्यांचाच. स्पीकर बनवणारे ज्याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात, तो असा: खोका लहान, बेस खोल आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच निवडता येतात. तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. हा नियम जाहिरातीला बदलता येत नाही. मुठीएवढ्या स्पीकरमधून 'घर हलवणारा बेस' असं कोणी म्हणालं, की ८०–१०० हर्ट्झच्या वरचा एखादा पट्टा फुगवलेला आहे असं खुशाल समजावं. तो पट्टा प्रत्येक गाण्यात एकसारखा धप्प-धप्प करत राहतो.

टेबलापुरता विचार केला तर बेस सोडणं सर्वांत कमी नुकसानीचं आहे. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकमध्ये मिळवला, तर जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर वाजतो. दोन इंची पडदा ६९ हर्ट्झ नीट देऊच शकत नाही. तरीही छोट्या स्पीकरवर खर्जाचा सूर चुकत नाही, कारण जवारीमुळे उठणारे वरचे स्वरांश ऐकून खालचा मूळ सूर मेंदू स्वतः जुळवून घेतो. डग्ग्याचा घुमार मात्र अंगावर येत नाही, तो कमीच राहतो. हा सौदा मला मान्य आहे.

४. पैसे माणसाच्या आवाजासाठी द्या

बोलणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईचा त्याच्या वर. शब्द कळतात ते मात्र व्यंजनांमुळे, आणि व्यंजनं २,००० हर्ट्झपासून पुढे पसरलेली असतात. 'स'ची धार 'श'पेक्षा बरीच वर असते. तो वरचा भाग मंद असला की 'साल' आणि 'शाल' एकमेकांत मिसळतात, आणि फाजील तापट असला की प्रत्येक 'स' शिट्टी मारतो.

माझी कसोटी अस्सल मराठी आहे: 'चहा'मधला च आणि 'चमचा'मधला च. लिहिताना एकच अक्षर, बोलताना दोन वेगळे आवाज. स्पीकरवर हे दोन्ही वेगळे ओळखू आले, तर त्याच्यावर दिवसभर काम करता येतं. दुकानात जाताना मोबाईलमध्ये ओळखीचं ध्वनिमुद्रण घेऊन जावं. पु. ल. देशपांडे यांचं कथाकथन त्यासाठी उत्तम: एकच माणूस, सतत बदलणारे आवाज, आणि मागे प्रेक्षकांचं हसणं. ते हसणं स्पीकरच्या मागे, थोड्या अंतरावर पसरल्यासारखं वाटलं पाहिजे. एका गठ्ठ्यात चिकटून आलं तर पुढचा जोड बघायचा. गाण्यासाठी एक ख्याल आणि एक भावगीत पुरतं. दोन्ही पाठ असावीत. अनोळखी गाण्यावर स्पीकर पारखताच येत नाही.

५. सबवूफरचा मोह

तीन नगांचा '२.१' संच दिसायला भरघोस, किमतीला आकर्षक. भिंतीपलीकडच्या पार्टीला तो ठीक आहे. टेबलावर त्याची अडचण मधल्या जागेत होते. महागड्या संचात सबवूफर जिथे थांबतो तिथून छोटे स्पीकर उचलून घेतात. स्वस्त संचात छोट्यांच्या पडद्यांना तेवढा जीवच नसतो. मग साधारण १५० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा पडतो, आणि नेमकी तिथेच माणसाच्या आवाजाची ऊब असते. ऐकणाऱ्याला खाली ढुम्म आणि वर किणकिण एवढंच मिळतं, बोलणारा मात्र पत्र्याच्या डब्यातून बोलतो.

त्याच पैशांत दोन नगांचा '२.०' जोड घेतला तर खर्च तीन खोक्यांत वाटला जात नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. खालचे स्वर भिंती आणि स्लॅब सहज ओलांडतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण खालच्या मजल्यावरच्या काकू डेसिबल मोजत बसत नाहीत, थेट बेल वाजवतात.

६. दुकानदाराच्या हातातला व्हॉल्यूम आपल्या हातात घ्या

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दोन्हीकडे दृश्य सारखंच. "साहेब, हा बेस बघा!" म्हणत विक्रेता त्याच्या ठेवणीतलं गाणं लावतो आणि आवाज चढवतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणजे मोठ्याने वाजवलेला कोणताही स्पीकर जास्त भरीव वाटणारच. दोन जोड्यांतला एक किंचितही मोठा वाजत असेल तर कान त्यालाच कौल देतो.

म्हणून विनंती करायची, "दादा, हळू करा, आणि दोन्ही एकाच पातळीवर लावा." पातळी साधारण जुळवायला मोबाईलवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप चालतं. तुलनेत आकडा किती खरा यापेक्षा तो दोन्हींना सारखा येतो का, हे महत्त्वाचं. इतकं करून घ्यायला दुकानदार तयार नसेल, तर परत करता येईल अशा अटीवर ऑनलाइन मागवून घरच्या टेबलावर ऐकणं परवडतं. एमआरपीवर किती टक्के सूट आहे, याने काहीच ठरत नाही. ती एमआरपी मुळात कोण किती लावतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

७. मांडणी फुकट असते, आणि तीच अर्धी किंमत वसूल करून देते

यावर मी सर्वांत जास्त बोलतो, कारण इथे रुपयाही लागत नाही. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरमध्ये ७० सेंटिमीटर अंतर असेल, तर डोकंही प्रत्येकापासून तेवढ्याच अंतरावर. दोन्ही थोडे आत, तोंडाकडे वळवायचे. गायक मॉनिटरच्या मधोमध उभा आहे असं वाटलं की मांडणी जमली. बहुतेक टेबलांवर एक स्पीकर मॉनिटरला चिकटलेला आणि दुसरा प्रिंटरच्या मागे असतो. अशा ठिकाणी दहा हजारांचा जोडही वाया जातो.

उंचीचं महत्त्व लोकांना पटत नाही. वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, त्यामुळे ते वाजवणारा छोटा पडदा, म्हणजे ट्वीटर, कानाच्या पातळीवर हवा. टेबलावर सपाट ठेवलेला स्पीकर छातीला गाणं ऐकवतो. शिवाय टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठावरून आवाज उसळतो, तो सरळ आलेल्या आवाजाच्या किंचित मागून येतो आणि मधल्या पट्ट्यात काही स्वर खाऊन टाकतो. खाली दोन जाड ग्रंथ किंवा लाकडी ठोकळे घालून तोंड थोडं वर केलं तरी शब्द सुटे होतात. क्रिएटिव्ह कंपनीच्या पेबल मालिकेतल्या गोल स्पीकरांचे पडदे मुळातच ४५ अंशांत वर वळवलेले आहेत. लहान असूनही ते टेबलावर स्वच्छ बोलतात, त्यामागे हे एक कारण आहे.

भिंतीला टेकवलेल्या स्पीकरचा बेस ६ डेसिबलपर्यंत वाढतो. छोट्या जोडीला ही आयती मदत मिळते. मोठ्या जोडीला मात्र त्याने गढूळपणा येतो, विशेषतः मागच्या बाजूला हवेचं भोक असेल तर. त्या भोकात पायमोज्याची सैल गुंडाळी घालून बघा, पटलं नाही तर काढून टाका. टेबलच थरथरत असेल तर खाली रबरी पाय किंवा माऊसपॅडचा तुकडा पुरतो. नुसत्या भिंतींची रिकामी खोली असेल तर पडदे, चटई आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट जे करतं, ते नवा स्पीकर करू शकत नाही.

८. गुणगुण आली तर स्पीकर बदलण्याआधी वायर तपासा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पाठीमागे सतत 'हूंऽऽ' येत असेल तर ती बहुधा विजेचीच कुरकुर असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर कॉम्प्युटर आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थिंग घेत आहेत आणि दोघांत वळसा तयार झाला आहे. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणले की पुष्कळदा प्रश्न मिटतो. न मिटला तर आवाजाच्या वायरीत बसणारा छोटा आयसोलेटर मिळतो. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. ती पिन तुमच्या जिवासाठी असते.

माऊस हलवला की किर्रर्र होत असेल तर तो दोष कॉम्प्युटरच्या आतल्या साउंड सर्किटचा. यूएसबीला लागणारं बोटभर साउंड कार्ड काही शे रुपयांत येतं आणि हा किरकिराट संपवतं. नव्या स्पीकरवर होणारा खर्च वाचतो.

९. वायर, बटणं आणि ब्लूटूथ

ब्लूटूथवरून येणारा आवाज साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद मागे राहू शकतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, सिनेमा बघतानाही बरेच प्लेअर जुळवून घेतात. ध्वनिमुद्रण थांबवत, मागे घेत शब्द पकडायचे असतील, कीबोर्डवर पेटी वाजवायची असेल किंवा मुलांचे खेळ चालणार असतील, तर ते अंतर डोक्यात जातं. टेबलावरचा स्पीकर कॉम्प्युटरपासून वीतभर लांब असतो, तिथे साडेतीन मिलिमीटरची साधी वायर सर्वांत भरवशाची. ब्लूटूथ आहे म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही.

व्हॉल्यूमची खुंटी पुढे आणि हाताशी हवी. ती दुकानात अगदी हळू आवाजावर फिरवून बघा. स्वस्त खुंटीत खालच्या टोकाला एक बाजू मोठी आणि एक लहान वाजते, आणि खरखर तर पहिल्या पावसाळ्यातच सुरू होते. पुढे हेडफोनचं भोक असेल तर उत्तम.

१०. किती पैशांत काय

पाचशे-सातशेच्या जोडीकडून बातम्या आणि ऑनलाइन वर्ग एवढीच अपेक्षा ठेवावी. दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात किमतीच्या मानाने सर्वांत जास्त पदरात पडतं. बोलणं स्वच्छ येतं, गाण्याची चव कळते. पेबलसारखे जोड इथलेच. त्यापुढची खरी पायरी चार इंची पडदा, वेगळा ट्वीटर आणि लाकडी खोका ही आहे. एडिफायरचा आर१२८०टी हा तिचा ओळखीचा नमुना: चार इंची पडदा, १३ मिलिमीटरचा रेशमी ट्वीटर, दोन्ही मिळून ४२ वॉट आरएमएस. यात डग्गाही परत भेटतो. मधल्या पाच-सात हजारांत दिवे लुकलुकणारे संच बरेच आहेत. त्या दिव्यांचे पैसे तुम्हीच देत असता.

हात थोडे काळे करायची तयारी असेल तर आणखी एक वाट आहे. घरातल्या बंद पडलेल्या म्युझिक सिस्टिमचे स्पीकर बहुधा शाबूत असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ चिपवर बनलेला तळहाताएवढा अँप्लिफायर बाजारात मिळतो आणि ४.५ ते २६ व्होल्टवर चालतो, त्यामुळे जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर त्याला चालून जातो. आधी पडद्याच्या कडेची गोल पट्टी बोटाने अलगद दाबून बघा. ती रबराची असेल तर वर्षानुवर्षं टिकते. फोमची असेल तर दमट हवेत तिचा भुगा होतो, आणि कोकणातल्या घरातून आलेल्या जोडीत हे हमखास दिसतं. तशी पट्टी असेल तर तो जोड उचलू नका.

११. शेवटची कसोटी हळू आवाजाची

घरी आणल्यावर मांडणी करा, आवाज इतका कमी करा की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये, आणि बोलण्याचं एखादं ध्वनिमुद्रण लावून रोजचं काम करत बसा. त्या पातळीवर शब्द न ताणता कळले, तासाभराने आवाज वाढवावासा किंवा बंद करावासा वाटला नाही, तर खरेदी जमली. शब्द पकडायला खुंटी वर न्यावीच लागत असेल, तर परत करण्याची मुदत उलटायच्या आत तो जोड परत करा आणि त्याच पैशांत दुसरा बघा. कसोटीला उतरलेला जोड मिळाला की तुलना करणारे व्हिडिओ बघणं थांबवा. उरलेले पैसे मैफिलीच्या तिकिटाला लावा. डग्ग्याचा घुमार अंगावर घ्यायचा असेल तर ते तिकीट सगळ्यांत स्वस्त पडतं.